मिस्टर आणि मिसेस
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



पूर्वीच्या बायका नवऱ्याविषयी बोलताना ‘इकडची स्वारी’ म्हणत. नाव घ्यायचे ते फक्त उखाण्यात. पुढे ‘आमचे हे’ आले, आणि त्यानंतर ‘आमचे मिस्टर’. नाव न घेता काम भागते, म्हणून हा इंग्रजी शब्द आपण आनंदाने घरात घेतला. इंग्रजीत मात्र ‘मिस्टर’ म्हणजे नवरा नव्हे. आपल्या ‘श्रीयुत’सारखी ती आडनावाआधी लावायची पदवी आहे.

‘मिस्टर’ हे ‘मास्टर’चे रूप, तसे ‘मिसेस’ हे ‘मिस्ट्रेस’चे. एक धनी, तर दुसरी धनीण. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली छापलेल्या कोशात ‘मिस्ट्रेस’चा पहिला अर्थ ‘सत्ता चालविणारी स्त्री’ असाच दिला आहे. त्या काळी स्वतःचे दुकान चालविणारी बाई अविवाहित असली तरी तिला मानाने ‘मिसेस’ म्हणत. पुढे या शब्दाला लग्न चिकटले, आणि धनिणीची झाली अमक्याची बायको! ‘मिस्टर’ मात्र लग्नापूर्वी मिस्टर, लग्नानंतरही मिस्टर. हा भेद नको म्हणून अमेरिकेत १९०१ साली एका वृत्तपत्रात ‘मिझ’ ही नवी पदवी सुचविली गेली. १९७२ पासून त्याच नावाच्या मासिकामुळे ती सर्वतोमुखी झाली.

आता आपल्या मंडळाची नोंदवही पाहा. नावाआधी कुठे ‘कु.’, कुठे ‘सौ.’, कुठे ‘श्रीमती’. एखाद्या भगिनीचे यजमान वारले की आपण तिचे ‘सौ.’ खोडून ‘श्रीमती’ लिहितो. ती खोडलेली जागा पाहून तिच्या जिवाला काय वाटत असेल? वर्गणी तीच, काम तेच, मग नावावर काट कशासाठी?

वास्तविक ‘श्रीमती’ म्हणजे श्री जिच्यापाशी आहे ती. त्यात लग्नाचा उल्लेख नाही, वैधव्याचाही नाही. म्हणून माझी सूचना अशी की, नव्या वहीत आपण सर्वजणींनी ‘श्रीमती’ लिहावे आणि पुढे आपले स्वतःचे नाव घालावे. ज्यांना ‘सौ.’ची हौस आहे त्यांनी ते घरच्या निमंत्रणपत्रिकेत जरूर लिहावे. ‘आमचे मिस्टर’ही खुशाल चालू द्यावे, तो अर्थ आता आपल्या मराठीचाच झाला आहे.