गड्ड्यात फोन हरवला तर?

संक्रांतीला सोलापुरात सिद्धरामेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक आणि होम मैदानावर गड्ड्याची, म्हणजे जत्रेची गर्दी. या गर्दीत मोबाईल हरवला, तर काय कराल?

तयारी घरातूनच करा. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसेल. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. ते वहीत लिहून ठेवा.

फोन गेलाच, तर आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करून घ्या आणि बँकेला कळवून यूपीआय थांबवा. खात्यातून पैसे गेले असतील, तर क्षणही न दवडता १९३० वर फोन करा. पोलिसांत तक्रार द्या, तिची प्रत घ्या. त्याच नंबरचं नवं सिम काढा. मग केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आयएमईआय आणि तक्रारीची प्रत देऊन फोन ब्लॉक करा. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. ब्लॉक झालेला फोन सिम बदललं तरी भारतातल्या नेटवर्कवर चालत नाही. सापडला, तर याच संकेतस्थळावर ब्लॉक काढता येतो.

आणि हो, जुना फोन विकत घेण्याआधी त्याचा आयएमईआय तिथे जरूर तपासा. चोरीचा फोन आपण घेतला नाही, तर चोराचा धंदाच बसेल.