वाचनालयाची किल्ली कोणाकडे?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वाचनालयात कॉम्प्युटर आणायचं ठरतं आहे. त्यावर पुस्तकांचा कारभार सांभाळायला सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, यावर बोला असं कार्यकर्त्यांनी सांगितलं. गिरणीत पाळ्या करणाऱ्या आम्हा माणसांनी यावर काय बोलावं, असं कुणाला वाटेल. पण यंत्र बिघडलं तर ते उघडायचा हक्क कुणाला, हा प्रश्न आम्हाला चांगला कळतो. साचा बंद पडला की जॉबर पाना घेऊन येतो, उघडून बघतो आणि पाळी संपायच्या आत साचा चालू करतो. ज्या मशीनचं झाकण कंपनीनेच सील केलेलं असतं, तिथे मात्र कंपनीचा माणूस येईपर्यंत हातावर हात धरून बसावं लागतं. बिल येतं ते वेगळंच.

सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. एक सीलबंद असतं. दुसऱ्याला ओपन सोर्स म्हणतात. म्हणजे त्याच्या आतला प्रोग्राम कुणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो आणि दुसऱ्याला देता येतो. ग्रंथालयांसाठी असं एक सॉफ्टवेअर आहे, 'कोहा' नावाचं. ते एका लहान गावच्या वाचनालयाच्या अडचणीतून निघालं. ती हकीगत सांगण्यासारखी आहे.

न्यूझीलंडमध्ये लेविन नावाचं गाव आहे. तिथल्या होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टकडे लेविनचं आणि आसपासच्या लहान गावांचं वाचनालय. १९९९ साली त्यांचं जुनं सॉफ्टवेअर निकालात निघालं, कारण त्याला २००० साल कळणार नव्हतं. मोठ्यांना आठवत असेल, जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. ९९ नंतर ०० आलं की सगळा हिशेब उलटा. बँका, विमानं, सगळीकडे धाकधूक होती. वाचनालयात तर देवघेवीच्या तारखा हाच जीव. बाजारातली नवी सॉफ्टवेअरं या ट्रस्टच्या ऐपतीला आणि गरजेला जुळेनात. तेव्हा त्यांनी वेलिंग्टनच्या कॅटिपो कम्युनिकेशन्स या लहान कंपनीकडून स्वतःला हवं तसं लिहून घेतलं. जानेवारी २००० मध्ये ते चालू झालं.

खरी गोष्ट पुढेच आहे. हाती आलेली वस्तू विकून त्यांना पैसा करता आला असता. पण वाचनालयाला दुकान मांडायचं नव्हतं. आणि हे सॉफ्टवेअर एकाच वाचनालयात राहिलं, तर उद्या ते दुरुस्त कोण करणार, हाही विचार होता. म्हणून त्यांनी ते सर्वांसाठी खुलं केलं. अट अशी की घ्या, वापरा, बदला; पण पुढे द्याल तेव्हा हाच हक्क पुढच्यालाही द्या. कुलूप लावायचं नाही.

'कोहा' हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या भाषेतला शब्द. पाहुण्याने यजमानाकडे नेलेली भेट म्हणजे कोहा. तिच्यात परतफेडीची जाणीव असते, थोडाफार आपल्या आहेरासारखा प्रकार. (आपण पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापतो तो भाग निराळा.)

परतफेड झालीही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅथेन्स काउंटीच्या सार्वजनिक वाचनालयाला कोहा हवं होतं, पण मोठ्या ग्रंथालयांत पुस्तकाची नोंद ज्या ठरलेल्या 'मार्क' पद्धतीने करतात ती त्यात नव्हती. त्यांनी पैसे मोजून ती घालून घेतली. ते काम एका फ्रेंच प्रोग्रामरने केलं. पैसे एकाने दिले, सोय मात्र सगळ्यांची झाली. आज भारतातल्या कितीतरी महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत कोहा चालतं ते अशा कामांमुळे.

त्यावरही कुणी हक्क सांगायला आलंच. २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीला 'कोहा' या नावाचा ट्रेडमार्क न्यूझीलंडमध्ये तात्पुरता मंजूर झाला. ज्या वाचनालयाने भेट दिली त्यालाच ते नाव परकं होण्याची वेळ आली. ट्रस्टने हरकत घेतली, जगभरच्या ग्रंथालयवाल्यांनी मदत केली आणि २०१३ च्या डिसेंबरात निकाल ट्रस्टच्या बाजूने लागला. दान दिलं म्हणजे राखण संपली असं नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याकडेही एक विक्रेता येऊन गेला. पहिलं वर्ष स्वस्त, पुढे दरसाल वर्गणी. ओळखीच्या एका वाचनालयाने असंच घेतलं होतं. तिसऱ्या वर्षी वर्गणी थकली आणि प्रोग्राम उघडेना. पुस्तकांची सगळी यादी आत! पोरांनी कपाटासमोर बसून पुन्हा हाताने यादी लिहिली. पुस्तकं आपली, मेहनत आपली आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे आम्हाला पटत नाही.

दुसरी गोष्ट यादीपेक्षा नाजूक आहे. आपल्या वस्तीतली कोणती मुलगी कोणतं पुस्तक नेते, ही नोंद कुणाच्या मशीनवर राहणार? एखादी आजाराचं पुस्तक नेईल, एखादी कायद्याचं, नवऱ्याच्या त्रासाला कंटाळून. ते कुणाला का कळावं? पुस्तक परत आलं की वाचकाचं नाव त्या नोंदीतून काढून टाकायची सोय कोहात आहे. ती चालू ठेवावी, हा आमचा आग्रह राहील.

मात्र फुकट म्हणून हुरळून जाऊ नका. प्रोग्रामला पैसे पडत नाहीत, बाकी सगळ्याला पडतात. कॉम्प्युटर लागतो, वीज लागते. सगळ्या नोंदींची दुसरी प्रत रोज निराळ्या जागी ठेवावी लागते. विंडोज नव्हे तर लिनक्स जाणणारा माणूस लागतो, आणि एकच माणूस असून भागत नाही. त्याला नोकरी लागली, तो गावी गेला की सगळं अडतं. म्हणून आमचं म्हणणं, कॉम्प्युटर शिकणाऱ्या तीन-चार मुला-मुलींनी हे एकत्र शिकावं, मुलींनी आधी. देवनागरीत नोंदी करता येतात, तेव्हा इंग्रजीची भीती घरी ठेवून या.

आणि घाई नको. वहीत चुकलेलं कॉम्प्युटरवर आपोआप बरोबर होत नाही. येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही पाचही कपाटं उघडून एकेक पुस्तक रजिस्टरशी ताडून बघणार आहोत. ज्यांच्या घरी वाचनालयाची पुस्तकं राहिली असतील त्यांनी ती आणून द्यावीत. कितीही वर्षं झालेली असोत, दंड घेणार नाही.

जयभीम.