कलाभवन ते पुष्पबाग : बडोद्यातल्या हाताच्या विद्येची गोष्ट

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे प्राध्यापक, डॉक्टर बोलून गेले. मी डिप्लोमावाला माणूस, राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. आमचं काम रेघा मारण्याचं; बोलण्याचं काम साहेबांचं. त्यामुळे सेक्रेटरी काकांनी विषय विचारला, तेव्हा आधी नाहीच म्हणालो. पण गेल्या वर्षी घरात एक प्रसंग घडला आणि त्यातून हा विषय आपोआप हाती आला. तो प्रसंग आधी सांगतो.

आमच्या बैठकीच्या खोलीत आजोबांनी काढलेलं एक चित्र फ्रेम करून लावलेलं आहे. दगडी खांबाचा वरचा भाग, त्यावरची पानाफुलांची नक्षी, पातळ शाईचे एकावर एक हात देऊन केलेली छाया. खाली कोपऱ्यात आजोबांची सही आणि ‘कलाभवन, बडोदे’ एवढीच अक्षरं. आजोबा कलाभवनात बांधकामाचं शिकले आणि पुढे आयुष्यभर नोकरीत पूल आणि शाळा बांधत राहिले. माझी मुलगी त्या वेळी बारावी सायन्सला होती. एकदा जेवताना त्या चित्राकडे बघत ती म्हणाली, “बाबा, पणजोबांनी हे कॉलेजात काढलं ना? मग ते इंजिनिअर होते की आर्टिस्ट?”

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधता शोधता जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात अर्थातच श्रीमंत सयाजीराव महाराजांपासून. कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ बाराव्या वर्षी दत्तक आला आणि त्यानंतरच खऱ्या अर्थानं अक्षरं गिरवू लागला, हे आपण सगळे जाणतो. १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारे महाराज ते हेच. पण त्याआधी सोळा वर्षं, १८९० साली, त्यांनी कलाभवन सुरू केलं. त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. गज्जर म्हणजे सुतार, हे बडोदेकरांना सांगायला नको. सुरतेचं हे घराणं लाकूडकाम-बांधकामातलं. वडील शिल्पशास्त्राचे जाणकार, मुलगा मात्र रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. योगायोग असा की महाराज आणि गज्जर दोघांचाही जन्म १८६३ चा. कलाभवन निघालं तेव्हा दोघंही सत्तावीस वर्षांचे! आपल्याकडे सत्तावीस वर्षांच्या मुलाला आपण मंडळाची पावतीपुस्तकं द्यायलाही बिचकतो.

आता कलाभवनात काय शिकवत? चित्रकला, वास्तुकला, यंत्रविद्या, कापड विणणं, रंगाई आणि त्यामागचं रसायनशास्त्र. चित्रं काढणारा मुलगा आणि लेथवर काम करणारा मुलगा एकाच आवारात शिकत. ‘कला’ या शब्दात त्या वेळी हे सगळंच येत होतं. आपण ज्याला आज एकीकडे ‘टेक्निकल’ आणि दुसरीकडे ‘आर्ट’ म्हणतो, त्याला महाराजांनी एकच नाव दिलं.

दुसरी गोष्ट भाषेची. सुताराचा, विणकराचा, रंगाऱ्याचा मुलगा इंग्रजीवाचून अडू नये म्हणून हे शिक्षण देशी भाषेतून द्यायचं, असा गज्जरांचा आग्रह होता. त्यासाठी पुस्तकं हवीत, तर ती तयार करवून घ्यायची; ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही ग्रंथमाला त्यातून निघाली. पुढे १९३१ साली महाराजांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांचा कोश काढला, त्याच्यामागेही हीच दृष्टी. मी स्वतः सरकारी नोकर आहे. एखाद्या इंग्रजी परिपत्रकाचा अर्थ लावण्यात आमचा अर्धा दिवस जातो, तेव्हा मला त्या कोशाची हटकून आठवण येते.

कलाभवनाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत एक नाव असं आहे की ते सबंध देशाला माहीत आहे, पण त्याचं बडोद्याशी असलेलं नातं आपल्या मुलांना ठाऊक नसतं. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके. मुंबईच्या जे. जे. मध्ये ड्रॉइंगचा अभ्यासक्रम करून ते थोरल्या भावाबरोबर बडोद्याला आले आणि कलाभवनात दाखल झाले. तैलचित्रं आणि जलरंग शिकले, वास्तुकला आणि मॉडेलिंगही शिकले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती करून ठेवली, तिला सुवर्णपदक मिळालं. फोटोग्राफीचा नाद लागलेला होताच. गज्जरांनी तो ओळखला. ठशांचं तिरंगी काम शिकण्यासाठी त्यांना रतलामला पाठवलं आणि कलाभवनातला फोटो स्टुडिओ व प्रयोगशाळा वापरायला दिली.

१९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. नेपथ्य, कॅमेरा, फिल्म धुणं, छापणं, सगळं एकाच माणसाला येत होतं, याचं आपण नवल करतो. पण तो माणूस जिथे शिकला तिथे चित्र, यंत्र आणि रसायन यांच्यामध्ये भिंत नव्हती, हे लक्षात घेतलं की नवल थोडं कमी होतं आणि आदर वाढतो. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मुलगा एका विषयातून दुसऱ्यात उड्या मारतो म्हणून गज्जरांनी त्याला रागावलं नाही. त्याच्या हातात स्टुडिओच दिला.

गज्जर स्वतः फार वर्षं बडोद्यात राहिले नाहीत. १८९६ च्या सुमारास ते मुंबईला गेले. त्याच वर्षी दामोदर चापेकरांनी मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं होतं. इतरांकडून न निघालेले ते डाग शेवटी काढले गज्जरांनी. आपल्यासारख्यांचं मन इथे जरा अडखळतं, पण शास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव त्या कामानं दूरवर गेलं. पुढे १९०७ मध्ये कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासोबत अलेंबिक कारखाना उभा राहिला, त्याच्या मुळाशीही गज्जरच. म्हणजे आपल्या शहरातल्या औषध-रसायनांच्या धंद्याचं एक मूळही या सुतारपुत्रापर्यंत जातं.

आता पन्नासेक वर्षं ओलांडून पुढे येऊ. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. कलाभवन विद्यापीठात गेलं आणि त्याची टेक्नॉलॉजी व इंजिनिअरिंगची फॅकल्टी झाली. १९५० मध्ये चित्रकला-शिल्पकलेसाठी वेगळी फॅकल्टी निघाली, फाइन आर्ट्स, जी आज पुष्पबागेत आहे. चित्रकलेची रीतसर विद्यापीठीय पदवी देण्याचं काम देशात पहिल्यांदा इथे उभं राहिलं. पहिले डीन मार्कंड भट्ट. शिल्पकलेला शंखो चौधुरी. चित्रकलेला नारायण श्रीधर बेंद्रे.

बेंद्रे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. जन्म १९१० चा, इंदूरचा. तिथल्या चित्रकला शाळेत देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले आणि देशभर फिरून १९५० मध्ये बडोद्याला आले. पुढली सोळा वर्षं इथेच राहिले, डीनही झाले. वि. रा. आंबेरकरही याच काळात इथे शिकवत होते. १९५१ मध्ये के. जी. सुब्रमण्यन आले. मध्यंतरी त्यांनी हातमाग मंडळात काम केलं, आणि परत आले ते विणकाम, खेळणी, माती, लाकूड हे सगळं बरोबर घेऊन. साठच्या दशकापासून भरणारा फाइन आर्ट्सचा मेळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. विद्यार्थी आणि शिक्षक हातानं केलेली खेळणी, बाहुल्या, दागिने मांडून बसायचे आणि सामान्य माणूस चार पैशांत काहीतरी घरी आणायचा. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख अशी पुढे देशभर गाजलेली नावं याच आवारात घडली.

आता माझ्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. पणजोबा इंजिनिअर की आर्टिस्ट? त्यांच्या काळी हा प्रश्नच उठत नव्हता. ते कलाभवनाचे विद्यार्थी होते, बस्स. विद्यापीठ झालं आणि एका घराची दोन घरं झाली. त्यात विद्यापीठाचा दोष नाही. ज्ञान वाढलं की वाटण्या होतातच. पण आपण काय केलं? आपण मराठी कुटुंबांनी एका घराशी सोयरीक ठेवली आणि दुसऱ्या घरचा उंबरठा सोडला. एका बाजूला नोकरी होती, पेन्शन होती. दुसऱ्या बाजूला, आपल्या मते, झोळी.

हे मी दुसऱ्या कुणाचं सांगत नाही. दहावीत माझी चित्रकला चांगली होती, एलिमेंटरी-इंटरमीजिएट दोन्ही परीक्षा झाल्या होत्या. पुष्पबागेत जायचं मनात होतं. वडील म्हणाले, “डिप्लोमा कर, नोकरी लाग, मग रविवारी काय काढायचं ते काढ.” मी डिप्लोमा केला, नोकरी लागली. आणि रविवार? गेली वीस-बावीस वर्षं किती रविवारी ब्रश हातात घेतला, ते मला एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. वडिलांवर माझा राग नाही. घर त्या पगारावरच चाललं. ट्रेसिंग पेपरवर शाईनं रेघ ओढताना, चुकलेली रेघ ब्लेडनं अलगद खरवडताना मला सुखही मिळालं. मग ऑटोकॅड आलं आणि तेवढं सुखही गेलं.

तर त्या रात्री जेवताना मुलीनं पुढे सांगितलं की तिला अप्लाइड आर्टला जायचंय. आणि माझ्या तोंडून वडिलांचंच वाक्य जसंच्या तसं निघालं, “आधी कॉम्प्युटरचा डिप्लोमा कर, मग रविवारी...” वाक्य पुरं व्हायच्या आत माझं मलाच ऐकू आलं. सौ. माझ्याकडे बघत होती. मुलगी काही बोलली नाही, ताट उचलून आत गेली.

पुढे सहा महिने घरात या विषयावर शांतता होती. त्याच काळात मी हे सगळं वाचत होतो. गज्जर वाचले, फाळके वाचले, बेंद्रे वाचले. आणि कळलं की ज्याला मी ‘सुरक्षित’ शिक्षण म्हणत होतो आणि ज्याला ‘छंद’ म्हणत होतो, ती दोन्ही आमच्याच दांडिया बाजाराजवळच्या एका आवारात एकत्र नांदत होती. माझ्या आजोबांनी तर दोन्ही केलं होतं, आणि पुरावा भिंतीवर टांगलेला होता.

यंदा जून महिन्यात मी रजा टाकून मुलीला प्रवेशाच्या चाचणीला घेऊन गेलो. बाहेर झाडाखाली तीन तास बसलो. ती पास झाली की नाही, हे विचारायला सगळे उत्सुक दिसता. यादीत नाव आलं आहे. पुढे तिचं कसं होईल ते मला माहीत नाही. काळजी आहेच, बापाला ती असायचीच. पण आता तिच्या टेबलाशेजारी माझंही एक टेबल लागलंय, रविवारपुरतं.

शेवटी मंडळाला दोन विनंत्या करतो.

पहिली अशी की आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकांत कलाभवनातली प्रशस्तिपत्रं, ड्रॉइंगं, विणकामाचे नमुने पडून असतील. रद्दीत घालू नका. पुढल्या वर्षी उत्सवात त्यांचं छोटं प्रदर्शन लावू. मांडणी मी करतो, फलक मी हातानं लिहितो. माझ्या आजोबांचा खांब त्यात पहिला.

दुसरी विनंती पालकांना. मंडळाच्या चित्रकला स्पर्धेत आपण मुलांना कंपासपेटी देतो, टाळ्या वाजवतो आणि नववीत गेल्यावर म्हणतो, आता चित्रं पुरे. एखाद्या सुट्टीत त्यांना कीर्तिमंदिरात घेऊन जा. तिथल्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी काढलेलं गंगावतरण आहे, महाभारत आहे. आपण दारावरून शंभरदा जातो, आत मान वर करून बघत नाही.

आणि समोर बसलेला हा बाप्पा. चौसष्ट कलांचा अधिपती म्हणून आपण त्याला आणतो. त्या चौसष्टांत रेघ मारणंही येतं, माती मळणंही येतं आणि हिशोबही येतो. त्यातली एखादी कला आपल्या घरात जन्माला आली, तर तिला रविवारची वाट बघायला लावू नका, एवढंच सांगायला मी उभा राहिलो होतो.



गणपती बाप्पा मोरया!