पोरींना गडावर पाठवताना



धानाची कापणी आटोपत आली, कुठे चुरणंही सुरू झालं. थंडी पडली की आपल्याकडची पोरं सहलीच्या गोष्टी काढतात. कोणी आंबागड म्हणतं, कोणी गायमुख, कोणी गोसीखुर्दचं धरण. आपण काय म्हणतो? मुलगा असेल तर "जा, पण लवकर ये", आणि मुलगी असेल तर "काही गरज नाही". आज आम्ही बचत गटाच्या बाया याच विषयावर बोलणार आहोत.

मागच्या वर्षी याच दिवसांत आमच्या गावातल्या पाच मुली कॉलेजातून परस्पर डोंगरावर गेल्या. घरी कोणी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर जाऊच दिलं नसतं. पाच जणींत पाण्याची एक बाटली आणि चिप्सचे दोन पुडे. पायात चपला. उतरताना एकीचा पाय मुरगळला. एका फोनची बॅटरी संपलेली, दुसऱ्याला नेटवर्क नाही. थंडीत साडेपाचला दिवस बुडतो. गावात सात वाजता कळलं की पाच घरच्या पोरी घरी नाहीत, आणि कुठे गेल्या ते एकालाही माहीत नाही. गावातली माणसं टॉर्च घेऊन तीन दिशांना गेली. रात्री साडेनऊला मुली सापडल्या. सगळ्या सुखरूप होत्या, म्हणून आज हे सांगता येतं.

पण दुसऱ्या दिवशी एकीच्या वडिलांनी तिचं कॉलेजच बंद केलं. गटाच्या बैठकीतही तेच बोलणं निघालं. एक काकू म्हणाल्या, "आता पोरीईचं बाहेर जानंच बंद करा." सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हा आमच्यातली सगळ्यात म्हातारी आजी म्हणाली, "अन् आपन मोहाले जातो, तेंदूपत्त्याले जातो, ते काय हाय? आमाले कोनी अडवलं? मायसंगं जाऊन जाऊन शिकलो. या पोरीले कोनी शिकवलं?"

बैठक शांत झाली. खरं होतं ते. आपण पहाटे जंगलात जातो, कुठे थांबायचं, कुठून वळायचं हे आपल्याला पायांनी कळतं. पोरींना आपण शाळेत घातलं, ते चांगलंच केलं, पण जंगलाचं शिक्षण द्यायचं राहून गेलं. मग आम्ही ठरवलं, बंदी नको, आधी शिकवू आणि मग आपणच घेऊन जाऊ. चार रविवार वर्ग, पाचव्या रविवारी आंबागड. मुलगेही घ्यायचे, कारण नदीत उड्या मारणारे तेच असतात.

पहिला रविवार चिठ्ठीचा. निघण्याआधी कागदावर लिहायचं: कोण कोण जाणार, कुठे, कोणत्या वाटेने, गाडी कोणाची, परत किती वाजता. ती चिठ्ठी गावातल्या एका जबाबदार माणसाकडे ठेवायची. ठरलेल्या वेळी पोरं आली नाहीत तर त्याने वाट पाहत बसायचं नाही, फोन फिरवायचे. पोलिसांसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108, वनविभागासाठी 1926. हे तीन नंबर पोरांनी पाठ केले, कारण फोन बंद पडला की त्यातले नंबरही बंद पडतात. जागेचीही चौकशी आधी करायची. कोका अभयारण्य, नागझिरा हे वाघाचं राखीव जंगल आहे, तिथे आपल्या मनाने पायी शिरता येत नाही.

दुसरा रविवार पिशवीचा. माणशी दोन लिटर पाणी, भाकर-चटणी, गूळ-शेंगदाणे, टोपी किंवा दुपट्टा, टॉर्च, शिट्टी, पायात बंद बूट. डोंगरावर दिसेल ते पाणी प्यायचं नाही. आंबागडाच्या आतल्या विहिरीबद्दल तर जुनी गोष्टच सांगतात, की भोसल्यांच्या काळात कैद्यांना तिचं विषारी पाणी पाजून मारत. गोष्ट खरी असो की नसो, साचलेलं पाणी ते साचलेलंच. जुलाब-उलटी झाली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रत्येकाने स्वतः करून, चाखून पाहिलं. आसवांपेक्षा खारट लागलं तर मीठ जास्त झालं, ते फेकायचं.

तिसरा रविवार आजीचा. आजीने पोरांना गावाबाहेर नेलं. सगळ्यांनी सोबत चालायचं, आपसात बोलत चालायचं, म्हणजे जनावर आधीच बाजूला होतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला दाट झाडीत जायचं नाही. मोहाच्या दिवसांत अस्वल मोहाखाली येतं. वाघ किंवा अस्वल दिसलं तर पाठ फिरवून पळायचं नाही, एकत्र उभं राहून, त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरायचं. गडाच्या भिंतीवर, कड्यावर आग्या मोहोळ असतं. तिथे धूर नाही, दगड नाही, अत्तराचा फवारा नाही. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब पळायचं.

चौथ्या रविवारी आशाताई आल्या, आणि त्या दिवशी आमचीच शाळा झाली. कारण आपलं सगळंच बरोबर नाही, बायांनो. आशाताईंनी विचारलं, साप चावला तर काय कराल? आम्ही एका सुरात म्हणालो, दोरीने आवळून बांधू. त्या म्हणाल्या, नाही. आवळून बांधलं तर पाय सडू शकतो. कापायचं नाही, चोखायचं नाही, झाडपाला लावायचा नाही, मांत्रिकाकडे तर मुळीच जायचं नाही. बांगड्या, जोडवी काढायची, हातपाय काठी लावून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, चावल्याची वेळ लक्षात ठेवायची आणि थेट सरकारी दवाखान्यात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच इंजेक्शन चालतं, म्हणून साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवायचा नाही. मण्यार चावली तर बरेचदा सूजही येत नाही, दुखतही नाही, म्हणून "काही झालं नाही" असं म्हणून घरी थांबायचं नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंचा दीर मण्यार चावून गेला. अर्धी रात्र झाडफुकीत गेली होती. त्या ताई त्या दिवशी वर्गात बसून रडल्या. म्हणाल्या, "हे आमाले तवाच कोनी सांगतलं असतं तं." म्हणून आम्ही हे रेडिओवर सांगतो आहोत.

विजेचंही तसंच. पाऊस आला की आपण झाडाखाली धावतो. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या पाण्यात उभ्या राहतो. दोन्ही चूक. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. घर जवळ नसेल तर झाडापासून दूर, एकमेकींपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, ते आपल्या भागातल्या विजेची आधी सूचना देतं. पोरांनी ते आमच्या फोनमध्ये टाकून दिलं.

नदीचं सांगताना आशाताईंचा आवाज चढला. वैनगंगेतून रेती उपसलेली असते, गुडघाभर पाण्यापुढे एका पावलावर खड्डा असतो. कोणी बुडत असेल तर उडी मारायची नाही, एकाला वाचवायला गेलेले दोघं जातात. काठावर आडवं पडून बांबू, दोर, नाहीतर साड्यांना गाठ मारून फेकायची आणि ओरडून माणसं गोळा करायची.

आणि वणवा. 11 मार्च 2018 ला तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात पायी फिरायला गेलेले लोक वणव्यात सापडले. वीसहून जास्त जण गेले, त्यात बऱ्याच तरुण मुली. पोरांनी विचारलं, वणवा लागतो कसा? आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मोह नीट वेचता यावा म्हणून झाडाखालचा पाचोळा आपणच पेटवतो ना? त्या दिवशी गटाने ठराव केला, पाचोळा पेटवायचा नाही. झाडाखाली जाळी अंथरायची, फुलंही स्वच्छ मिळतात.

तरी दोन-तीन आया मुलींना पाठवायला तयार नव्हत्या. त्यांना आम्ही शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याची गोष्ट सांगितली. 2018 च्या मे महिन्यात तिथल्या आश्रमशाळांतले पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मधून ही मुलं गेली. पण त्यांना थेट तिथे नेलं नव्हतं. आधी निवड, मग महिनोन्महिने सराव, मग बर्फातलं प्रशिक्षण. आपली पोरगी एव्हरेस्टवर नको जाऊ दे, पण आंबागडापर्यंत तर जाईल.

पाचव्या रविवारी आम्ही निघालो. सतरा पोरं, आम्ही पाच बाया. दर चार पोरांमागे एक बाई, सगळ्यात पुढे एक, सगळ्यात मागे आजी. चालण्याचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. परत फिरायची वेळ दुपारी एक, मग कुठेही असलो तरी. हा गड 1700 च्या सुमारास, देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळात बांधलेला. आत पाऊल टाकलं तेव्हा पोरी गप्पच झाल्या. दगडी बुरूज आणि खाली नजर पोहोचेल तिथवर झाडी.

पलीकडच्या तटापर्यंत जायचं होतं, पण आठवीतल्या एका मुलीचं डोकं दुखायला लागलं, तिला उलटी झाली. दोन मुलगे म्हणाले, हिला इथे सावलीत बसवू, आम्ही पाहून येतो. आम्ही तोंड उघडायच्या आत मागच्या वर्षी पाय मुरगळलेली पोरगी म्हणाली, "एकटीला ठेवायचं नाही. सोबत आलो, सोबत जाऊ." तिने मुलीला सावलीत बसवलं, ओला दुपट्टा मानेवर ठेवला, साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजलं. अर्ध्या तासाने सगळेच खाली उतरले. पलीकडचा तट पाहायचा राहिला.

आता गटाची एक झोळी आहे. त्यात दोर, दोन टॉर्च, शिट्ट्या, पट्टी, कापूस, जलसंजीवनीची पाकिटं. कोणाचीही पोरं बाहेर जाणार असतील तर झोळी न्यायची, कर्ज लिहितो तशी रजिस्टरमध्ये नोंद करायची, परत आणून द्यायची. तुमच्या गटालाही हे जमेल. पुढच्या मासिक बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की अर्धा तास यासाठी ठेवा. आशाताईंना बोलवा, वनरक्षक भाऊंना बोलवा, आणि गावातल्या म्हाताऱ्या आजीला विसरू नका.

एक सांगायचं राहिलं. त्या रविवारची चिठ्ठी आम्ही मुद्दाम ज्यांनी मुलीचं कॉलेज बंद केलं होतं, त्या भाऊंकडे ठेवली होती. चिठ्ठीत परतीची वेळ पाच लिहिली होती. आमची गाडी वीस मिनिटं आधीच गावात आली. भाऊ स्टँडवर उभे होते, चिठ्ठी हातात. त्यांनी एकेक नाव वाचून सतरा पोरं मोजली, मग चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. सोमवारी त्यांची मुलगी कॉलेजच्या बसमध्ये दिसली.