मोबाइलवर अभ्यास करताय? मग अधूनमधून लांब बघा

इअरफोन कानात आहेत ना? मग स्क्रीन बंद करा आणि मोबाइल खिशात टाका. ऐकायला डोळे लागत नाहीत.

29 सप्टेंबर 2010 ला आपल्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली. आधारसाठी बोटांच्या ठशांसोबत डोळ्यांचंही स्कॅनिंग होतं, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याच डोळ्यांनी आज आपली पोरं-पोरी सहा इंची पडद्यावर पोलीस भरतीचा, तलाठी परीक्षेचा अभ्यास करतायत. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून रोज क्लासला नंदुरबार गाठणं सोपं नाही. मोबाइल हाच क्लास. म्हणून 'मोबाइल सोडा' असं मी म्हणणार नाही.

पण संध्याकाळी डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं, अक्षरं धूसर दिसतात. मग वाटतं, अभ्यास आपल्याला झेपतच नाही. थांबा! दोष डोक्याचा नसेल, डोळे थकले असतील.

असं का होतं? एक, जवळचं बघताना डोळ्याच्या आतला छोटा स्नायू आवळलेला राहतो. तासभर मूठ घट्ट धरून बघा, हात दुखेल की नाही? तसंच. दोन, एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनसमोर हे प्रमाण निम्म्यावर येतं, कधी त्याहून कमी. डोळ्यावरचा ओलावा वाळतो. त्यात आपला उन्हाळा आणि तोंडावर पंखा!

उपाय फुकट आहे. दर 20 मिनिटांनी, 20 सेकंद, 20 फूट किंवा त्याहून लांब बघायचं. 20 फूट म्हणजे साधारण सहा मीटर. रस्त्यापलीकडचं झाड चालेल. सातपुडा दिसत असेल तर त्याहून भारी काय! सोबत पापण्या मुद्दाम सावकाश मिटा. मोबाइल हातभर लांब धरा, अक्षरं मोठी करा. अंधारात पांघरुणात लेक्चर बघू नका, खोलीत दिवा असू द्या. नुसतं ऐकून समजणारं लेक्चर असेल तर डोळे मिटून ऐका.

'ब्लू लाइट'च्या चष्म्यावर पैसे घालवायची गरज नाही. थकवा त्या निळ्या उजेडानं येत नाही, एकटक बघण्यानं येतो. आणि मेडिकलमधून मनानंच ड्रॉप आणू नका. काही ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असतं. डॉक्टरांना न विचारता ते दिवसेंदिवस घातलं तर काचबिंदू, मोतीबिंदू होऊ शकतो.

हे सगळं करूनही त्रास राहिला, फळ्यावरचं किंवा एसटीच्या पाटीवरचं नाव दिसेना, तर नंबर असू शकतो. सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या. चष्मा लागला म्हणून लाजायचं काय? विशेषतः मुलींच्या घरच्यांना सांगतो, 'लग्नात अडचण येईल' म्हणून तिचा चष्मा लांबवू नका. तिची परीक्षा आधी आहे.

घरातल्या लहान भावंडांना रोज तास-दोन तास बाहेर उजेडात खेळू द्या. लांबचं न दिसण्याचा नंबर लागण्याचा धोका त्यानं कमी होतो.

चला, एपिसोड संपला. पुढचा लगेच लावू नका. आधी दारात उभं राहून 20 सेकंद लांब बघा.