हिमशिखराची वाट आणि परतीची वेळ



महाराष्ट्राला डोंगर नवा नाही. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई यांच्या वाटा तुडवीत येथील कित्येक पिढ्यांनी गिरिभ्रमणाची गोडी जोपासली. हीच गोडी आता अनेक तरुणांना ऐन डिसेंबर-जानेवारीत हिमालयाकडे नेते. उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यातला केदारकंठा हे त्यांचे एक आवडते शिखर आहे. हा उत्साह स्वागतार्हच होय. परंतु सह्याद्रीत कमावलेला आत्मविश्वास बर्फाळ प्रदेशात जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. किंबहुना कधी कधी तोच घातक ठरतो.

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंचीचे आहे. केदारकंठाच्या पायथ्याचे सांक्री गावच त्याहून उंचावर वसले आहे आणि त्या शिखराचा माथा सुमारे ३,८०० मीटरवर आहे. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यात वारा सुटला की अंगातील ऊब झपाट्याने निघून जाते. सह्याद्रीत वाट चुकलेला गट एखाद्या गुहेत किंवा देवळात रात्र काढून सकाळी उतरू शकतो. हिमालयातील हिवाळी रात्र अशी उसंत देत नाही.

निसर्गाचा हा कोप केवळ हिवाळ्यापुरता असतो, असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा या शिखरावर झालेल्या हिमस्खलनात नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या पथकातील २९ जण गमावले. जून २०२४ मध्ये सहस्रताल येथे गेलेल्या, मुख्यतः कर्नाटकातील २२ जणांच्या गटाला परतताना हिमवादळाने गाठले आणि त्यांतील ९ जण मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर आणि जून या महिन्यांत असे घडू शकते, तर जानेवारीत किती सावधगिरी हवी, हे निराळे सांगावयास नको.

थंडीची पहिली खूण

बर्फातील सर्वांत सामान्य शत्रू म्हणजे ओलावा. सुती कपडा घामाने ओला झाला की लवकर वाळत नाही आणि अंगातील उष्णता शोषून घेतो. यास्तव अंगालगत लोकरी किंवा लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे वस्त्र, त्यावर ऊब धरणारे आणि सर्वांत वर वारा व पाणी अडविणारे, असे तीन थर असावेत. चढण लागताच एक थर उतरवावा आणि थांबताच पुन्हा चढवावा. कोरडे मोजे व हातमोजे यांचा जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवावा.

शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले की धोका सुरू होतो. माणूस कुडकुडतो, त्याची बोबडी वळते, चालताना तो अडखळतो, त्याला साधी गुंडीही लावता येत नाही. याच वेळी त्याचा विवेक मंदावत असल्यामुळे "मला काही झालेले नाही" असे तो सांगत राहतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या सोबत्यावर लक्ष ठेवावे. अशा व्यक्तीला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे चढवावेत, खाली जाड सतरंजी अंथरावी आणि ती पूर्ण शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्यावे. कुडकुडणे थांबले आणि गुंगी येऊ लागली, तर ती सुधारणा नसून गंभीर अवस्था होय. मद्याने ऊब येते हा समज तर पूर्णतः खोटा आहे. मद्यामुळे त्वचेकडील रक्तप्रवाह वाढून शरीरातील उष्णता उलट लवकर बाहेर पडते. हिमदंशाने बधिर व पांढुरकी पडलेली बोटे चोळू नयेत, शेकोटीवरही धरू नयेत. ती पुन्हा गोठण्याचा संभव नसेल, तरच कोमट पाण्यात ठेवावीत.

तंबूत मात्र ऊब आणण्यासाठी स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी कदापि पेटवू नये. बंद जागेत साचणाऱ्या विषारी वायूला ना रंग असतो, ना वास. झोपलेल्याला जाग येण्याची संधीही तो देत नाही.

उंची आणि उतार

अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो. तरुण व धडधाकट माणूसही त्याला अपवाद नाही. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे ही प्राथमिक लक्षणे दिसताच अधिक वर चढू नये. तोल जाऊ लागला, बोलणे भरकटले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी त्या व्यक्तीला सोबतीने खाली उतरविणे हाच खरा उपचार होय. तीन हजार मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, हा सर्वमान्य नियम आहे.

हिमस्खलने बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि पुष्कळदा तेथून जाणाऱ्या माणसाच्या भारानेच सुटतात. ताजा जड हिमवर्षाव झाल्यावर निदान एकदोन दिवस असे उतार टाळावेत. कड्याबाहेर झुललेल्या बर्फाच्या सज्जावर पाऊल टाकू नये. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर वेगाने घटते. म्हणजे दूरची मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणूनच हवामान खात्याचा इशारा आणि स्थानिक वाटाड्याचा शब्द हे दोन्ही डावलून पुढे जाणे म्हणजे साहस नव्हे.

परतीची वेळ

अशा सहलींत सर्वांत कठीण असते ते माथ्यावर पोहोचणे नव्हे, तर माथा समोर दिसत असताना मागे वळणे. लांबून आलेलो आहोत, पैसे भरले आहेत, उद्या गाडी आहे, हे विचार मनाला पुढे ढकलतात. म्हणून परतीची वेळ आदल्या रात्री, शांत चित्ताने ठरवावी. डिसेंबरात त्या भागात सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो आणि दरीत सावली त्याच्याही आधी उतरते. ठरलेल्या वेळी गट जेथे असेल तेथून वळेल, हा नियम सर्वांना अगोदर सांगून ठेवावा. गटाची गती सर्वांत मंद चालणाऱ्याची असावी आणि सर्वांत मागे एक अनुभवी माणूस असावा. प्रत्येकाजवळ डोक्याला बांधायची विजेरी, शिट्टी, काळा चष्मा, पाणी व खाऊ हवाच. विजेरीचे जादा सेल अंगालगतच्या खिशात ठेवावेत, कारण थंडीत त्यांची शक्ती लवकर ओसरते.

विद्यार्थ्यांना नेणाऱ्या शाळा-महाविद्यालयांवर तर दुहेरी जबाबदारी येते. निघण्यापूर्वी प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी व्हावी. मार्ग, मुक्काम, नावे आणि परतीचा दिवस यांची लेखी प्रत शाळेत, पालकांकडे आणि पायथ्याच्या गावी ठेवावी. आपत्तीत ११२ हा क्रमांक उपयोगी पडतो. परंतु डोंगरात दूरध्वनी लागेलच याचा भरवसा धरू नये. एकाने जखमीजवळ थांबावे आणि दोघांनी मिळून खाली निरोप न्यावा, अशी योजना आधीच ठरलेली असावी.

शिखर कोठे जात नाही. पुढल्या वर्षीही ते तेथेच असते. माथ्यापासून शंभर पावलांवरून सर्व मुलांना सुखरूप मागे आणणाऱ्या शिक्षकाच्या सहलीला कोणी अपुरी म्हणेल. परंतु त्या मुलांच्या घरी, उंबरठ्याशी वाट पाहणाऱ्या आईच्या लेखी ती पूर्ण झालेली असते.