पिनांगच्या रस्त्यावरील चिनी शेवया



खाण्यापिण्याच्या विषयावर नभोवाणीवरून बोलण्याचा अधिकार वस्तुतः गृहिणींचा. मी पडलों मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. छत्तीस वर्षें मालवणकडील शाळांतून मुलांना शुद्धलेखन आणि अपूर्णांक शिकविले. या सबंध काळांत हॉटेलांत बसून जेवण्याचे प्रसंग दोन्ही हातांच्या बोटांवर मोजतां येतील इतकेच आले. रस्त्यावर उभें राहून खाणें तर आमच्या घरीं असभ्यपणांतच जमा होतें. असें असतां आज मी आपणांपुढें रस्त्यावरच्या खाण्याविषयींच बोलणार आहें, आणि तेंही मलेशियांतील चिनी विक्रेत्यांच्या गाड्यांवरील.

माझी मुलगी आणि जांवई नोकरीनिमित्त पिनांग बेटावर राहतात. पत्नी वारल्यानंतर मी घरांत एकटाच उरलों, म्हणून २०२४ सालच्या भाद्रपदांत मुलीनें मला तिकडे नेलें. पहिल्याच संध्याकाळीं ती म्हणाली, "नाना, आज स्वयंपाक नाहीं. आपण खालीं जाऊन जेवूं." मला तें रुचलें नाहीं. वडील इतक्या लांबून आले आणि घरांत चूल पेटूं नये, हें कसलें आतिथ्य? परंतु रस्त्यावर उतरल्यावर पाहिलें, तों सारें शहरच घराबाहेर जेवावयास बसलेलें. आजोबा, नातवंडें, कचेरींतून परत येणाऱ्या बायका, शाळेच्या गणवेषांतील मुलें, सगळीं एका छपराखालीं.

अशा जागेला तेथें 'कोपीतियाम' म्हणतात. 'कोपी' हा कॉफीवाचक मलायी शब्द आणि 'तियाम' म्हणजे होक्कियन चिनी भाषेंत दुकान. दुकानाचा मालक स्वतः केवळ चहा-कॉफी विकतो. जुन्या दुकानांतून संगमरवरी फरशीचीं वाटोळीं मेजें असतात, आणि दर्शनी भागांत निरनिराळ्या विक्रेत्यांच्या गाड्या मालकाला भाडें देऊन उभ्या असतात. प्रत्येक गाडीवर पदार्थ एकच. शेवयांचा रस्सा करणारा शेवया तळीत नाहीं. तळणारा रश्शाकडे पाहत नाहीं. आपण मेजाचा क्रमांक सांगून बसावयाचें. बशी आली कीं तिचे पैसे तेथल्या तेथें द्यावयाचे.

मुलीनें एका गाडीपाशीं जाऊन हांक दिली, "चार क्वे-त्याव!" मीं म्हटलें, "अग, आपण तिघेंच. चौथी बशी कोणासाठीं?" यावर जांवई इतके हंसले कीं शेजारच्या मेजावरील मंडळी वळून पाहूं लागली. 'चार' म्हणजे परतलेलें, आणि 'क्वे-त्याव' म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चपट्या पट्ट्या. आपल्या कोंकणांत तांदळाच्या फेण्या करतांना पीठ पानावर पसरून उकडतात. तें वाळविण्याऐवजीं ओलेंच असतां त्याच्या बोटभर रुंदीच्या फिती कापल्या, तर क्वे-त्याव होईल. गव्हाच्या जाड शेवयांना म्हणतात 'मी'. तेव्हां मी 'मी' खाल्ला, हें वाक्य त्या देशांत व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. या 'मी'चा पिवळा रंग अंड्याचा असावा अशी माझी समजूत होती. पण तो क्षाराचा गुण. आपण पापडाच्या पिठांत पापडखार घालतों, तसाच क्षार त्या मैद्यांत घालतात. त्यानें शेवई पिवळी होते आणि दाताखालीं चिवट लागते.

हीं खाणीं तेथें आलीं कशीं? पिनांग बेट १७८६ सालीं फ्रान्सिस लाइट यानें इंग्रजांच्या ताब्यांत आणलें. पुढें बंदराचा व्यापार आणि मुख्य भूमीवरील कथिलाच्या खाणी यांच्यापायीं दक्षिण चीनमधून हजारों माणसें जहाजांनीं आलीं. त्यांत होक्कियन होते, तिओच्यू होते, कँटनी, हाक्का, हैनानी होते. एकाची बोली दुसऱ्याला कळत नसे. बहुतेक पुरुष एकटे. त्यांना रात्रीं कोणी तरी स्वस्त आणि ऊन घांस द्यावयास हवा होता. तो त्यांच्यांतल्याच कोणी खांद्यावर कावड घेऊन दिला. कावडीच्या एका टोकाला शेगडी, दुसऱ्याला शेवया आणि वाडगे. कांहीं विक्रेते बांबूचे तुकडे एकमेकांवर आपटून आपण आल्याची वर्दी देत. त्या आवाजावरून त्यांच्या शेवयांना 'तोक-तोक मी' असें नांवच पडलें. आपल्या तमिळ मुसलमान बांधवांनींही तेथें कावडीनें भात विकला, आणि चिन्यांच्या पिवळ्या शेवया घेऊन त्या आपल्या मसाल्यांत परतल्या. या लोकांना तेथें 'मामक' म्हणतात. मूळ शब्द तमिळ 'मामा', तोच आपल्याकडील आईचा भाऊ.

एकच नांव घेऊन दोन गांवीं गेल्यास दोन पदार्थ पुढें येतात, याचा मासला सांगतों. क्वालालंपूरला 'होक्कियन मी' मागितल्यावर जाड शेवया, काळ्या सोयाच्या रसांत, कोळशाच्या आंचेवर परतलेल्या, अशा आल्या. त्या प्रथम कोणी केल्या याचें श्रेय तेथील पेटालिंग स्ट्रीटवर १९२७ सालीं सुरू झालेल्या एका दुकानाला देतात. तेंच नांव पिनांगला घेतलें तर कोळंबीच्या सालांचा तांबडालाल रस्सा वाडग्यांत येतो. इपोह शहरीं मऊ क्वे-त्यावबरोबर उकडलेली कोंबडी आणि आंखूड, जाड मोड देतात; भोंवतालच्या चुनखडीच्या डोंगरांतील पाण्यानें तेथील मोड असे होतात, हें प्रत्येक इपोहकर सांगतो. मला मोड आवडले. कोंबडी अगदींच मिळमिळीत वाटली.

परंतु मला ज्यानें थांबविलें, तो पदार्थ निराळाच. त्याचें नांव 'आसाम लक्सा'. आसाम म्हणजे आपला प्रांत नव्हे. मलायींत आंबट, चिंच, या अर्थाचा तो शब्द आहे. जाड तांदळी शेवयांवर माशाचा दाट, आंबट रस्सा घालतात. त्यावर काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि आल्याच्या जातीच्या एका झाडाची गुलाबी कळी, हीं सारीं बारीक चिरून. शेवटीं कोळंबीचा काळा, गुळासारखा घट्ट लेप. पहिला चमचा तोंडांत गेला आणि मी चमचा खालीं ठेवला. मासा बांगडा होता. आपल्याच समुद्रांतल्या जातीचा. आंबटपणा चिंचेचा होता, पण त्याच्यामागें आणखी एक ओळखीची चव होती. चौकशी केली, तेव्हां गाडीवाल्या बाईनें सुकलेल्या फळाच्या चकत्या दाखविल्या. 'आसाम केपिंग' म्हणून जें फळ तेथें वापरतात, तें आपल्या कोकंबाचेंच भावंड आहे. आणि त्या शेवया! आमच्याकडे तांदळाच्या पिठाचे उकडलेले मुटके साच्यांतून दाबून शिरवाळे पाडतात आणि नारळाच्या गोड रसांत खातात. माझ्या पत्नीच्या हातचे शिरवाळे आळींत नांवाजलेले होते. साच्याचा दांडा दाबण्याचें काम तेवढें माझ्याकडे असे. मुलगी माझ्याकडे पाहत होती. ती हळूच म्हणाली, "नाना, आईचा साचा अजून माळ्यावर आहे ना?" मीं आहे म्हटलें. "मी कधीं शिकलें नाहीं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघेंही वाडग्याकडे पाहून जेवूं लागलों.

या प्रसंगानंतर माझे पाहण्याचे डोळेच बदलले. आमच्या गल्लीच्या तोंडाशीं एक म्हातारा क्वे-त्याव परतीत असे, वय माझ्याएवढेंच. मी रोज संध्याकाळीं त्याच्या गाडीशेजारीं बसूं लागलों. कोळशाची शेगडी, तीवर तव्यासारखी पसरट लोखंडी कढई. ती धुरावूं लागली कीं तेल, लसूण, मग क्वे-त्याव, सोयाचें पाणी, वाटलेली मिरची. सगळें एका बाजूला सारून मोकळ्या जागेंत अंडें. मग मुगाचे मोड, कोळंबी. अगदीं शेवटीं शिंपल्यांतील मांस आणि लसणाच्या पातीसारखी एक पात. हें सारें दोन मिनिटांच्या आंत. दहा गिऱ्हाइकें उभीं असलीं तरी तो एका वेळीं एकच बशी करी. दोन बश्यांचा माल एकदम घातला तर कढई निवते आणि शेवया परतल्या न जातां शिजतात. कढई पुरती तापली म्हणजे पदार्थाला धुराचा जो एक वास लागतो, त्याला कँटनी भाषेंत 'वोक हे' म्हणतात. अर्थ, कढईचा श्वास. पूर्वापार हा पदार्थ डुकराच्या चरबींत करतात. मला ती चालत नाहीं, म्हणून जांवयांनीं त्याला तेल घालावयास सांगितलें. "मग चव नाहीं," असें तो म्हणाला, पण त्यानें तेल घातलें. कढई अर्थात् तीच होती. तेवढें मीं पोटांत घातलें.

मी पूर्वीं कोण होतों, असें त्यानें एकदा विचारलें. शिक्षक म्हटल्यावर तो हातांतील उलथनें खालीं ठेवून म्हणाला, "चिकगू!" शिक्षकाला हांक मारण्याचा हा मलायी शब्द, त्यांतील शेवटचें अक्षर म्हणजे आपल्या 'गुरु' शब्दाचा शेष. तेव्हांपासून मी गल्लींत चिकगू झालों.

त्याचा मुलगा सिंगापुरांत नोकरीला आहे. मुलगी दिवसा एका दुकानांत हिशेब लिहिते आणि रात्रीं बापाच्या गाडीवर बश्या पोंचविते. पण त्यानें तिला कढईला हात लावूं दिला नव्हता. भांडीं घासावयास ब्रह्मदेशचा एक तरुण होता. सहा वर्षें तो त्या कढईपासून दोन हातांवर उभा होता; कोणती वस्तु केव्हां पडते हें त्याला डोळे मिटून सांगतां आलें असतें. परंतु पिनांगांत २०१६ सालापासून परदेशी माणसानें गाडीवर मदत करावी, स्थानिक पदार्थ स्वतः रांधूं नये, असा नियम अमलांत आला. स्थानिक चव बिघडूं नये, हा हेतु. हेतूविषयीं माझी तक्रार नाहीं. मजुरीला माणूस ठेवून मालक घरीं बसूं लागला कीं काय होतें, हें मीं इतरत्र पाहिलें आहे. पण ज्यांनीं ही कढई त्या बेटावर आणली, ते तरी कोण होते? तेही जहाजांतून उतरलेले परदेशीच. चव रक्तांतून येत नाहीं, ती शेजारीं उभें राहून येते. आणि शेजारीं कोण उभें राहतें, हा खरा प्रश्न आहे. जॉर्ज टाऊनच्या जुन्या वस्तीला २००८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलें. २०२४ च्या डिसेंबरांत मलेशियाच्या न्याहारीच्या परंपरेचाही तसाच मान झाला. मान झाला तें बरेंच झालें. म्हाताऱ्याच्या मनगटाची सूज मात्र त्यानें उतरली नाहीं.

आश्विन लागला. त्या वर्षीं ३ ऑक्टोबरला मुलीनें घट बसविले, आणि संध्याकाळीं खालीं उतरलों तों कित्येक गाड्यांवर पिवळीं निशाणें! चिनी लोकांचाही नऊ सम्राट देवांचा उत्सव त्यांच्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत असतो. त्या दिवसांत भाविक लोक मांस-मासा वर्ज्य करतात, आणि पिवळें निशाण म्हणजे या गाडीवर सोंवळें अन्न आहे अशी खूण. आमच्या म्हाताऱ्यानेंही नऊ दिवस कढई घांसून पुसून फक्त भाज्या आणि सोयाबीनचें पनीर घालून शेवया परतल्या. लसूणदेखील नाहीं. मीं त्या मोठ्या समाधानानें खाल्ल्या. पण खरें सांगावयाचें तर शिंपल्यांची आठवण होत होती.

डिसेंबरांत माझ्या परतीच्या आदल्या दिवशीं गेलों, तेव्हां म्हातारा स्टुलावर बसलेला. उजव्या मनगटाला पट्टा. कढईशीं त्याची मुलगी. तोंडावर घाम, ओंठ घट्ट मिटलेले. पंख्यानें निखारे फुलवीत ब्रह्मी तरुण बाजूला उभा. मधूनमधून तो भुंवई उडवी आणि ती तत्काळ अंडें फोडी. माझी बशी आली. म्हातारा स्टूल ओढून माझ्यासमोर येऊन बसला आणि मी पहिला घांस गिळेपर्यंत कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, "सामा, चिकगू?"

'सामा' म्हणजे सारखें. आपला संस्कृत 'सम'. दुभाष्याची गरज नव्हती. मुलगी कढईकडे तोंड करून उभी होती, पण तिचा हात थांबला होता. सारें बरोबर पडलें होतें. पण कढई पुरती तापलेली नव्हती, आणि तो धुराचा वास शेवयांना लागला नव्हता. गोड बोलून वेळ मारून नेणें कठीण नव्हतें. परंतु छत्तीस वर्षें मीं पोरांच्या वह्यांवर चुकीला बरोबरची खूण केली नाहीं. 'ताक' म्हणजे नाहीं, एवढें मलायी मला आलें होतें.

"ताक सामा," मीं म्हटलें.

म्हातारा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग उठला, मुलीपाशीं जाऊन होक्कियनमध्यें कांहीं तरी बोलला, आणि डाव्या हातानें शेगडींत कोळसे टाकले. तिनें कढई पुसून पुन्हा ठेवली. धूर निघाला, वाट पाहिली, आणखी धूर निघाला, तरी तिनें वाट पाहिली. दुसरी बशी माझ्यापुढें आली ती तिनें स्वतः आणली आणि समोर उभी राहिली. मीं ती सबंध संपविली. पैसे देऊं लागलों, तेव्हां म्हाताऱ्यानें पहिल्या बशीचे घेतले आणि दुसरीचे परत केले.